दहिवलीचं घर दाखवताना

कर्जतमधल्या दहिवलीचं घर विकायचं ठरलं तेव्हा आई खोपोलीला दादाकडे राहायला गेली होती, आणि तीन पिढ्यांचं सामान मात्र घरात तसंच होतं. एजंटने पहिल्याच भेटीत यादी दिली : फॉल्स सीलिंग, नवा सोफा, भिंतींना गडद रंग. गिऱ्हाईक मुंबईचं असतं, त्याला चकचकीत लागतं, असं त्याचं म्हणणं. खर्चाचा आकडा ऐकून दादा गप्प झाला. मला वाटत होतं, या घरात चांगलं पुष्कळ आहे, फक्त ते सामानाखाली दबलंय.

विकायचं घर नीट मांडून दाखवण्याचा धंदा अमेरिकेत १९७०च्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी रुजवला. तिथे त्यासाठी फर्निचर भाड्यानेही आणतात. कर्जतमधल्या बैठ्या घराला ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

मदतीला आला आमच्या ओळखीचा चौकचा सुतार. ‘जोधा अकबर’चे सेट जिथे उभे राहिले त्या नितीन देसाईंच्या स्टुडिओत त्याने बरीच वर्षं काम केलेलं. तो आत न शिरता दारातच उभा राहिला. म्हणाला, “ताई, माणूस आत येताना नजर जिथे पोचते ना, तेवढी जागा आधी मोकळी करा. बाकीचं नंतर बघू.” नजर पोचत होती ती गोदरेजच्या कपाटावर, त्यावर रचलेल्या बॅगांवर आणि जुन्या गाद्यांवर. कपाट मागच्या खोलीत नेलं आणि त्यामागची खिडकी मोकळी झाली. परसातला सोनचाफा थेट दारातून दिसायला लागला. मी लहानपणापासून त्या घरात वावरलेली, पण ती खिडकी उघडी असलेली मला आठवतच नव्हती.

मग एकेक वस्तू बाहेर काढून विचारायचं, ही ठेवायची का? शोकेसमधले कप, बंद पडलेला टीव्ही, प्लॅस्टिकची फुलं, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं आवरलं. फोटो काढताना आईचा जीव कासावीस झाला, म्हणून ते आधी खोपोलीला नेऊन तिच्या खोलीत लावले, मगच पुढचं काम. माळ्यावरून खाली आलं ते खरं धन : पितळी घंगाळ, पाट, आजीचं शिसवी फडताळ, कड्यांचा झोपाळा. घंगाळ चिंचेने घासून ओटीवर ठेवलं आणि त्यात तुळस-गवती चहाच्या कुंड्या. आईच्या सुती साड्यांचे पडदे शिवले. दिवाणावर गोधडी. सुताराने झोपाळ्याच्या पाटाला तेलपाणी केलं. पिवळट ट्यूबलाइट काढून दिवे बदलले, जाळ्या धुतल्या, भिंतींना चुना दिला.

पश्चिमेच्या भिंतीवर ओल होती. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे तीच भिंत भिजते. एजंट म्हणाला, कपाट तिथेच लावा, दिसणार नाही. मी साफ नाही म्हटलं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतं, की घरातला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला सहजी कळण्यासारखा नसेल, तर तो सांगायलाच हवा. पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. घर सजवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. जो थोडाफार पैसा खर्च झाला तो तिथेच : फुटकी कौलं बदलली, पन्हळ दुरुस्त केली, आणि डाग तसाच ठेवून येणाऱ्याला बोटाने दाखवला.

पाऊस संपल्यावर रविवारी सकाळच्या लोकलने माणसं यायला लागली, ठाण्याची, डोंबिवलीची. बहुतेक जण आधी ओटीवर बसत. ओलीचा डाग दाखवला की काही जण परत फिरले. ज्यांनी घेतलं त्यांनी बाकीच्या गोष्टींवर त्यामुळेच विश्वास ठेवला, असं ते स्वतः म्हणाले. त्यांना झोपाळा हवा होता. काय घरासोबत जाणार आणि काय नाही, हे आम्ही साठेखतातच लिहून घेतलं. मांडलेली प्रत्येक वस्तू घेणाऱ्याला आपलीच वाटू लागते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

पुढे खोपोलीतल्या आत्याचा फ्लॅट विकायचा होता तेव्हा हेच जसंच्या तसं करून चाललं नसतं. तिथे येणारे कारखान्यात पाळी करणारे, बायको-मुलांसह कायमचे राहणारे. त्यांना घंगाळातली तुळस नको होती. फ्रिज कुठे बसेल, पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडेल का, देवघराला पूर्वेची भिंत मिळेल का, हे त्यांचे प्रश्न. म्हणून आत्याचा पलंग, कपाट आणि मुलांचं अभ्यासाचं टेबल जागच्या जागी ठेवलं, फक्त अडगळ काढली आणि ओटा लख्ख रिकामा केला. आत्या म्हणाली, “अगं, एवढी जागा होती होय माझ्या स्वयंपाकघरात!” आणि फ्लॅट विकेपर्यंत तिने त्या ओट्यावर एक डबाही परत ठेवू दिला नाही.