फॉर्म गेलाय रे त्याचा!

'फॉर्म गेलाय रे त्याचा! विकून टाका!'

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी हे वाक्य किमान पाच वेळा ऐकू येतं. म्हणणारे आम्ही चौघं. एक आर्सेनलवाला, एक लिव्हरपूलवाला आणि दोन मँचेस्टर युनायटेडवाले, म्हणजे मी आणि माझा रूममेट. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला मॅच सुरू होते तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. टायमिंग एकदम परफेक्ट! आठवडाभर ऑफिसात 'येस सर, होऊन जाईल सर' करून आलेली मंडळी सोफ्यावर आडवी होतात आणि सात हजार किलोमीटरवर धावणाऱ्या माणसाला ओरडून सांगतात, 'अरे, पळ ना जरा!' लिफ्ट बंद असली तर आमच्यातले दोघं दुसऱ्याच मजल्यावर दम खायला थांबतात, ही गोष्ट वेगळी.

मॅच संपली की खरा खेळ सुरू होतो. खालच्या टपरीवर कटिंग आणि पोस्टमॉर्टेम. कोण चुकला, कोणाला बाहेर काढायला हवं होतं, कोणाचे पाय संपलेत. आर्सेनलवाला सीए आहे, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक प्लेअरची एक्सेल शीट असते. 2022-23, 2023-24 आणि 2024-25 असे सलग तीन सीझन त्याची टीम लीगमध्ये दुसरी आली, तेव्हापासून त्याचा स्वभाव जरा हळवा झालाय. लिव्हरपूलने 2024-25 ची लीग जिंकली तेव्हा लिव्हरपूलवाला महिनाभर काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं. आणि आम्ही युनायटेडवाले? त्याच सीझनला आमची टीम वीसपैकी पंधरावी आली. आम्ही नुसतं बोलतो. आमच्याकडे दुसरं आहे काय!

त्यातही आमचा जिव्हाळ्याचा विषय एकच, मार्कस रॅशफर्ड.

कारण सांगतो. रॅशफर्डचा जन्म 31 ऑक्टोबर 1997 चा. मी आणि रूममेट, दोघंही सत्त्याण्णवचेच. 25 फेब्रुवारी 2016 च्या रात्री, बारावीची परीक्षा चालू असताना, मी टीव्हीचा आवाज बंद करून युरोपा लीगची मॅच बघत होतो. समोर डेन्मार्कची मिडजिलँड नावाची टीम. अँथनी मार्शल वॉर्म-अप करताना जखमी झाला आणि ऐन वेळी एका अठरा वर्षांच्या पोराला उतरवलं. पोराने पहिल्याच मॅचमध्ये दोन गोल मारले. युनायटेड 5-1 ने जिंकलं. तीन दिवसांनी त्याची लीगमधली पहिली मॅच, समोर आर्सेनल. पुन्हा दोन गोल, 3-2! (आर्सेनलवाला हा परिच्छेद वाचणार नाही.) माझ्या वयाचा पोरगा ओल्ड ट्रॅफर्ड गाजवतोय आणि माझ्या मांडीवर इकॉनॉमिक्सचं गाइड. पण वाईट नाही वाटलं. वाटलं, चला, आपल्यातला एक तरी निघाला!

पुढे पुण्यात फ्लॅट शोधताना रूममेट भेटला. सांगलीचा, आयटीवाला. पहिल्याच रात्री कळलं, तीच मॅच यानेही आजीच्या खोलीत चोरून बघितली होती. डिपॉझिटचं बोलणं नंतर झालं, मैत्री आधी.

तर या रॅशफर्डने 2022-23 मध्ये सगळ्या स्पर्धा धरून 30 गोल मारले. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या सीझनला 8. आम्ही त्याला खाली आपटलं. खांदे पाडून चालतो, डिफेन्सला मागे येत नाही, हसत नाही... माझं तर ठाम मत होतं, 'पैसा मिळाला की भूक जाते.' पैशाचा फारसा अनुभव नसूनही मी हे मोठ्या अधिकाराने सांगायचो.

नोव्हेंबर 2024 मध्ये रुबेन अमोरिम कोच म्हणून आले. 15 डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध त्यांनी रॅशफर्डला घेतलंच नाही. बेंचवरसुद्धा नाही! मॅच संपायला काही मिनिटं उरली तरी आम्ही 0-1 ने मागे. आणि मग धडाधड दोन गोल, 2-1! मी सोफ्यावर उभा राहून जाहीर केलं, 'बघितलंत? ओझं काढलं की गाडी पळते!' सगळे ओरडले. रूममेट हसला आणि म्हणाला, 'चहा टाकतो.' आता आठवतं, रात्री बारा वाजता चहा कुणीच मागितला नव्हता.

26 जानेवारी 2025 ला युनायटेडने फुलहॅमला 1-0 ने हरवलं. मॅचनंतर अमोरिमना पुन्हा रॅशफर्डबद्दल विचारलं गेलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की रोज जीव तोडून सराव न करणाऱ्या प्लेअरपेक्षा मी माझ्या 63 वर्षांच्या गोलकीपिंग कोचला बेंचवर बसवेन. दुसऱ्या दिवशी टपरीवर हसून हसून आमची वाट लागली. मी तर गुडघे धरून बेंचवरून उठणारा म्हातारा गोलकीपर करून दाखवला. लिव्हरपूलवाल्याच्या नाकातून चहा आला.

रूममेट म्हणाला, 'मी पण बेंचवर आहे. सप्टेंबरपासून.'

आम्ही आधी हसलोच. जोक वाटला.

आयटीवाल्यांना बेंच म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जुना प्रोजेक्ट संपलाय, नवा मिळालेला नाही, पगार चालू आहे पण काम नाही. रोज ऑफिसला जायचं, कार्ड स्वाइप करायचं, वेगवेगळ्या मॅनेजरना भेटून 'माझ्यासाठी काही आहे का' विचारायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याच आठवड्यात एचआरने त्याला बोलावून सांगितलं होतं की मार्चअखेरपर्यंत प्रोजेक्ट मिळाला नाही, तर स्वतःहून राजीनामा दिलेला बरा.

एवढे महिने तो रोज नऊला डबा घेऊन निघत होता आणि सातला परत येत होता. मी शेजारच्या खोलीत. रॅशफर्ड कुठल्या मॅचला किती मिनिटं खेळला, हे मला तोंडपाठ होतं. हा माणूस दिवसभर काय करतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

'बोलला का नाहीस?'

'कधी बोलणार? तू रोज सांगत होतास, बेंचवरची माणसं टीमला ओझं असतात.'

त्या रात्री झोप येईना. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. रॅशफर्डचा सगळा रेकॉर्ड काढून बसलो. 2021-22 मध्ये त्याचे गोल होते फक्त 5. त्याच्या आधीच, 11 जुलै 2021 ला, युरोच्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध त्याची पेनल्टी पोस्टवर आपटली होती. त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. मँचेस्टरमध्ये भिंतीवर त्याचं मोठं चित्र आहे, त्यावर कुणीतरी घाणेरडं लिहिलं. मग तिथल्याच लोकांनी ती जागा चिठ्ठ्या आणि कागदी बदाम चिकटवून झाकून टाकली. ऑगस्टमध्ये खांद्याचं ऑपरेशन झालं. हाच तो पोरगा, ज्याने 2020 मध्ये गरीब शाळकरी मुलांना सुट्टीतही जेवण मिळावं म्हणून ब्रिटिश सरकारला निर्णय बदलायला लावला होता. आणि त्या 5 गोलांच्या पुढच्याच सीझनला 30! म्हणजे फॉर्म एकदा जाऊन परत आला होता. आम्ही मात्र 30 गोल बघून म्हणालो, 'हा असाच आहे', आणि 8 बघूनही म्हणालो, 'हा असाच आहे.'

सकाळी मी हे सगळं रूममेटला उत्साहाने ऐकवलं. म्हटलं, त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, 'उगाच त्याला संत करू नकोस. त्याचंही काही चुकलं असेल. माझंही चुकलंच. क्लाउडचं सर्टिफिकेशन दोन वर्षं पुढे ढकलत होतो.' मग जरा थांबून, 'आणि त्याला बेंचवर बसायचे जेवढे मिळतात ना, तेवढे मला मिळाले असते, तर मी बेंच घरी घेऊन आलो असतो.'

फेब्रुवारीत युनायटेडने रॅशफर्डला ॲस्टन व्हिलाकडे लोनवर पाठवलं. शेजारून वाटीभर साखर उसनी न्यावी तसं. इकडे आमची धावपळ सुरू झाली. आर्सेनलवाल्याने कंपन्यांची एक्सेल शीट केली, रकान्यांना रंगसुद्धा दिले. लिव्हरपूलवाला नोकरभरतीचं काम करतो, हे आम्हाला तेव्हा नीट कळलं. तीन वर्षं आम्ही त्याला फक्त सालाहच्या नावाने चिडवत होतो. त्याने मॉक इंटरव्ह्यू घेतले. सीव्ही मी लिहून दिला. तो वाचून रूममेट म्हणाला, 'हा माणूस मला भेटला तर मी त्याचा ऑटोग्राफ घेईन.'

मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला. घरी सांगितलं नाही. 30 मार्चला गुढीपाडवा, तोही रविवारी. सांगलीला गेलं तर नोकरीचा विषय निघणार, म्हणून हा पुण्यातच थांबला. त्या दिवशी एफए कपमध्ये व्हिलाची प्रेस्टनशी मॅच होती. आम्ही दोघं विकतचं श्रीखंड आणि हॉटेलातल्या पुऱ्या घेऊन बसलो. दुसऱ्या हाफमध्ये रॅशफर्डने गोल मारला, व्हिलासाठी पहिला. थोड्याच वेळात पेनल्टीवर दुसरा. व्हिला 3-0 ने जिंकलं. ती काही आमची टीम नव्हती. तरी आम्ही असे ओरडलो की खालच्या काकूंनी बेल वाजवली.

मॅच संपल्यावर रूममेट फोन घेऊन बाल्कनीत गेला. दहा मिनिटांनी आत आला.

'बाबांना सांगितलं.'

'काय म्हणाले?'

'म्हणाले, बरं. जेवलास का?'

मग तो बराच वेळ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चमचा फिरवत बसला. मीही काही बोललो नाही.

जूनमध्ये त्याला नोकरी लागली. कंपनी छोटी, पगार आधीपेक्षा कमी, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. 'लोनवर गेलोय,' असं तो सगळ्यांना सांगायचा. रॅशफर्डलाही व्हिलाने कायमचं ठेवून घेतलं नाही. जुलैत त्याला बार्सिलोनाने लोनवर नेलं. 18 सप्टेंबर 2025 च्या रात्री, आपल्याकडे साडेबाराला सुरू झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या मॅचमध्ये, त्याने न्यूकॅसलच्या मैदानावर दोन गोल मारले. दुसरा तर लांबून, बारला खालून लागून आत! आणि आमची युनायटेड? तीनच आठवड्यांपूर्वी लीग कपमध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टींवर 12-11 अशी हरली होती.

'ओझं काढलं की गाडी पळते,' रूममेट माझ्याकडे न बघता म्हणाला.

आम्ही सुधारलो वगैरे समजू नका. एकदा ठरवलं की मॅचच्या आधी दहा मिनिटं आपापल्याबद्दल बोलायचं. 'बरंय.' 'चाललंय.' 'सेम.' चौघांचं मिळून चाळीस सेकंदांत आटोपलं. मग आर्सेनलवाल्याने कॉर्नर किकचा विषय काढला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. 'विकून टाका' आम्ही अजूनही म्हणतो. फक्त म्हणून झाल्यावर एक नजर सोफ्यावरच्या बाकीच्यांवर जाते.

परवा मॅच संपल्यावर ते दोघं निघून गेले. टीव्ही बंद करताना रूममेटने सहज विचारलं, 'तुझं काय रे? दोन महिन्यांत कुठे नाव छापून आलेलं दिसलं नाही.'

'चाललंय' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळला.

'फॉर्म गेलाय,' मी म्हणालो.

त्याने रिमोट खाली ठेवला. 'चहा टाकतो,' म्हणाला. 'ये आत, सांग.'