चॅनल ९

युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात खुर्चीच्या हातावर गाण्यांची बटणं असायची. जॅझ, कंट्री, मुलांच्या गोष्टी असं करत पुढे गेलं की ९ नंबरला गाणी थांबायची आणि खरखर सुरू व्हायची. त्या खरखरीत माणसं बोलत असायची, भरभर आणि बहुतेक आकड्यांत. आपलं विमान चालवणारे वैमानिक आणि जमिनीवर बसलेले हवाई वाहतूक नियंत्रक यांचं रेडिओवरचं बोलणं, त्याच क्षणी, जसंच्या तसं. दोघे वैमानिक कॉकपिटमध्ये आपसात काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. पण रेडिओवर आपल्या विमानाचं आणि त्याच फ्रीक्वेन्सीवरच्या इतर सगळ्या विमानांचं बोलणं यायचं. वाहिनी सुरू ठेवायची की नाही, हे कॅप्टनने ठरवायचं. काही कॅप्टन तर उड्डाणाआधी मुद्दाम सांगायचे, की ऐकायचं असेल तर ९ लावा.

लग्न होऊन शिकागोला आले तेव्हा मला विमानाची भीती वाटायची. उडताना, उतरताना नाही. मधेच, सगळं शांत असताना विमान हादरायला लागलं की. सीटबेल्टचा दिवा लागायचा, हवाई सुंदऱ्या चहाच्या गाड्या मागे न्यायच्या, आणि कोणी काही सांगायचं नाही. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी चॅनल ९ लावून बघायला सांगितलं. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. पण हादरे सुरू झाले तेव्हा आमच्याच वैमानिकाचा आवाज आला: पुढे हवा कशी आहे? नियंत्रकाने पुढच्या एका विमानाला विचारलं. ते म्हणालं, इथेही ‘लाइट चॉप’ (हलके हादरे) आहे, पण खाली ३२ हजारांवर शांत आहे असं ऐकलंय. आमच्या वैमानिकाने खाली यायची परवानगी मागितली. नियंत्रक म्हणाला, खालून एक विमान जातंय, ते पुढे गेलं की देतो. थोड्या वेळाने दिली. विमान खाली आलं आणि शांत झालं.

मी जे हादरे एकटीने सोसत होते, ते त्या पट्ट्यातल्या सगळ्या वैमानिकांना माहीत होते, आणि ते एकमेकांना सांगत होते. हे कळल्यावर माझी भीती बरीचशी गेली. त्यानंतर मी युनायटेडचंच तिकीट काढायचे, चार पैसे जास्त पडले तरी.

पण चॅनल ९ मला खऱ्या अर्थाने समजलं ते बाबांमुळे.

बाबा मध्य रेल्वेत स्टेशनमास्तर होते. भुसावळ-मनमाड सेक्शनवर त्यांची बहुतेक नोकरी झाली. पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव. निवृत्तीनंतर २००७च्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले होते, आणि आम्ही दोघं शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला माझ्या धाकट्या बहिणीकडे निघालो. इंग्रजी त्यांना वाचता-लिहिता उत्तम यायचं, पण अमेरिकन उच्चार समजत नसत. मी हेडफोन लावून दिला आणि म्हटलं, बाबा, कळलं नाही तरी ऐका, मजा येते.

ओहेअर विमानतळावर गर्दी भयंकर. ग्राउंड कंट्रोलचा माणूस एका दमात पाच-सहा विमानांना रस्ते सांगत होता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातावर टिचकी मारली.

“हा सांगतो, तो परत म्हणतो. प्रत्येक वेळी. बरोबर ना?”

“हो. रीडबॅक म्हणतात त्याला.”

“अगं, हा तर आमचा प्रायव्हेट नंबर.”

रेल्वेच्या घरात वाढलेल्या मुलीला प्रायव्हेट नंबर काय ते सांगायला लागत नाही, पण वाचकांना सांगते. फाटक बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय स्टेशनमास्तर सिग्नल देत नाही. खात्री कशी? गेटमन फोनवर नुसतं ‘बंद केलं’ म्हणून चालत नाही. त्याच्याकडे आकड्यांचा एक छापील कागद असतो. आकडे क्रमाने नसतात. फाटक बंद करून कुलूप लावलं की त्यातला पुढचा आकडा तो मास्तरला सांगतो आणि खोडतो. मास्तर तो रजिस्टरमध्ये लिहितो. दोन स्टेशनांमध्येही असेच नंबर दिले-घेतले जातात. तोंडी शब्दाला पुरावा जोडायची ही रीत.

बाबांनी मला एक रात्र सांगितली. पाऊस होता. गेटमन म्हणाला, फाटक बंद आहे साहेब. बाबा म्हणाले, नंबर दे. तो म्हणाला, देतो, बंदच आहे. बाबा म्हणाले, नंबर दे. फोनवर नुसता पावसाचा आवाज. मग तो म्हणाला, साहेब, ट्रॅक्टरची ट्रॉली अडकलीय, निघतेच आहे. पॅसेंजर गाडी बाहेर सिग्नलला थांबून राहिली. ट्रॉली निघाली, फाटक लागलं, नंबर आला, सिग्नल पडला. “तो खोटारडा नव्हता,” बाबा म्हणाले. “त्याला वाटलं होतं की निघेलच. माणसाला वाटतं म्हणूनच नंबर लागतो.”

तोवर आमचं विमान धावपट्टीच्या रांगेत आलं होतं. इथे एक गोष्ट घडली, ती मी नेमकी सांगते. टॉवरने उडणाऱ्या एका विमानाला दिशा दिली, टू थ्री झिरो. वैमानिकाने परत म्हणताना टू झिरो थ्री म्हटलं. टॉवर लगेच म्हणाला: निगेटिव्ह, टू थ्री झिरो. वैमानिक म्हणाला: टू थ्री झिरो. आणि टॉवर पुढच्या विमानाकडे वळला. सगळं मिळून सहा-सात सेकंदांत. आवाज चढला नाही, कोणी कोणाला काही सुनावलं नाही, माफीही मागितली नाही. बाबांनी हेडफोन कानाशी घट्ट दाबला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मला आजही वाटतं की चॅनल ९वर ऐकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर हेच. चुका होतात. रोज होतात. ऐकणाऱ्याला त्या ऐकू येतात, आणि त्या कशा धरल्या जातात तेही ऐकू येतं. विमान कंपन्यांच्या जाहिरातीत सुरक्षिततेबद्दल जे सांगतात त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. या सहा सेकंदांवर बसला.

रांगेत असतानाच एकदा कानात कर्कश किंकाळीसारखा आवाज आला. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले होते. विमानांचा रेडिओ असा असतो की एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी बटण दाबलं की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. तिसऱ्याच कोणीतरी सांगितलं, ‘ब्लॉक्ड’, आणि दोघांनी आपापलं म्हणणं पुन्हा सांगितलं. २७ मार्च १९७७ला कॅनरी बेटांतल्या टेनेरीफला, दाट धुक्यात, अशीच शिट्टी केएलएमच्या जम्बोच्या कॉकपिटमध्ये वाजली होती. नियंत्रक सांगत होता की थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचं विमान सांगत होतं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमच्या कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच विमान पळवलं होतं. दोन्ही विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला. मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, प्रत्येक नियमामागे कोणीतरी गेलेलं असतं.

विमान उडालं. टॉवरने डिपार्चर नियंत्रकाकडे दिलं, त्याने शिकागो सेंटरकडे, मग मिनियापोलिस, डेन्व्हर, सॉल्ट लेक, ओकलंड. प्रत्येक वेळी नवी फ्रीक्वेन्सी, नवा आवाज, आणि जाताना एक ‘गुड डे’. बाबांना हे फार आवडलं. त्यांच्या मते हा रेल्वेतल्या सेक्शन कंट्रोलचाच कारभार होता: एकाने आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत गाडी सांभाळायची आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची, पण दुसऱ्याने घेतली म्हटल्याशिवाय सोडायची नाही. नेब्रास्काच्या शेतांवरून जाताना मी त्यांना सांगितलं, की वर दोन विमानांत उंचीचं अंतर हजार फूट ठेवतात, आडवं अंतर पाच सागरी मैल. त्यांनी विचारलं, नियंत्रकाच्या पडद्यावर उंची दिसते का? दिसते, म्हटलं. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीजवळ चरखी दादरीला सौदी अरेबियाचं जम्बो आणि कझाकस्तानचं विमान समोरासमोर आदळलं, ३४९ माणसं गेली. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायचं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. हजार फुटांचं अंतर ठरलेलं होतं, समोरून विमान येतंय हे कझाक विमानाला सांगितलंही होतं. तरी ते विमान १५ हजारांच्या खाली आलं. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती, आणि येणारी-जाणारी विमानं एकाच मार्गाने नेली जात होती. त्यानंतर आपल्याकडे विमानात टक्कर टाळणारं यंत्र बसवणं सक्तीचं झालं.

“म्हणजे नंबर देऊनही फाटक उघडं राहू शकतं,” बाबा शेवटी म्हणाले.

हे खरं आहे, आणि ते लपवून चॅनल ९ची स्तुती करणं मला जमणार नाही. बोलणं बरोबर झालं म्हणजे विमान बरोबर जागी असेलच असं नाही. म्हणून बोलण्याच्या जोडीला रडार लागतं, यंत्र लागतं. पण यंत्र आलं म्हणून बोलणं सुटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना जे दिसलं त्याने न ऐकणाऱ्या माणसाचा जीव दडपला असता. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्या एकमेकींपासून फक्त ७५० फुटांवर आहेत, आणि तेव्हा हवा स्वच्छ असली की दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवायचे. आम्ही खाडीवर आलो. नियंत्रकाने विचारलं, उजवीकडचं विमान दिसतंय का? आमचा वैमानिक म्हणाला, दिसतंय. मग त्याला सांगण्यात आलं की त्याच्यावर नजर ठेवून अंतर सांभाळ. तेच दुसऱ्या विमानालाही विचारलं, त्यानेही दिसतंय म्हटलं. आणि मग खिडकीतून ते विमान आम्हालाही दिसलं, अगदी शेजारी, पंखाच्या टोकापलीकडे, त्याच्या खिडक्या मोजता येतील इतकं जवळ. पुढच्या रांगेतल्या बाई किंचाळल्या. बाबा खिडकीला नाक लावून बघत राहिले. म्हणाले, दोघांनी बघितलंय एकमेकांना.

युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल या कंपन्या २०१०मध्ये एकत्र आल्या. कॉन्टिनेन्टलच्या विमानांत ही सोय नव्हतीच. पुढे खुर्चीतली बटणं जाऊन त्यांच्या जागी पडदे आणि वायफाय आलं, आणि चॅनल ९ दुर्मीळ होत गेलं. शिवाय पुष्कळसे निरोप आता आवाजाने न देता लेखी, पडद्यावर दिले जातात. सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. लिहिलेल्या आकड्यात टू थ्री झिरोचं टू झिरो थ्री होत नाही.

वैमानिकांचा आक्षेप मी ऐकला आहे. प्रवासी अर्धवट समजून घाबरतील, एखाद्या साध्या वाक्याचा बाऊ करतील. म्हणून वाहिनी सुरू करायचा अधिकार कॅप्टनकडे होता ते योग्यच होतं. पण रेडिओवरचं हे बोलणं मुळात उघडं आहे. अमेरिकेत ते कोणीही ऐकू शकतं, आणि हौशी लोकांनी घरच्या छपरावर अँटेना लावून पकडलेलं लाइव्ह एटीसी या संकेतस्थळावर जगभर ऐकवलं जातं. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासाठी नसलेला रेडिओसंदेश ऐकणं हा गुन्हा आहे, आणि आपल्याकडे परवान्याशिवाय रेडिओयंत्र बाळगायला मनाई करणारा कायदा १९३३मध्येच आला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तरीही तिथल्या नियंत्रकांनी एका दिवसात हजाराहून जास्त विमानं उडवली-उतरवली आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी असं काम होतं. त्या माणसांचे आवाज त्यांच्याच प्रवाशांनी कधी ऐकलेले नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आपल्या विमान कंपन्यांनी आणि नागरी विमान वाहतूक खात्याने मिळून निदान काही उड्डाणांवर ही सोय करून बघावी. कायद्याने अडत असेल तर तेवढ्यापुरती सवलत द्यावी.

तोवर, तुमच्या घरात कोणी विमानाला घाबरत असेल, तर आपल्याकडच्या संध्याकाळी सात-साडेसातला लाइव्ह एटीसीवर ओहेअरचा टॉवर लावून द्या. तिकडे सकाळची गर्दी असते. सुरुवातीला काही कळणार नाही. शब्दांच्या मागे लागू नका. एकाने सांगितलेला आकडा दुसरा परत सांगतोय की नाही, एवढंच ऐकत राहा.