सोलापूर, दोन अ‍ॅम्प आणि एक डेसिबल

वीकेंडला कुठे चाललात, या प्रश्नावर ‘सोलापूर’ असं उत्तर देऊन बघा. ऑफिसातली मंडळी जरा काळजीनेच तुमच्याकडे बघतील. लोणावळा समजू शकतो, अलिबाग समजू शकतो, पण सोलापूर? कोणाचं लग्न आहे का? चादरी आणायच्यात का? अक्कलकोट की पंढरपूर? यातलं काहीच नाही, दोन हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवून ऐकायचेत, असं सांगितलंत तर काळजी आणखीच वाढेल.

पण खरंच सांगतो, ऐकण्याच्या कामाला याहून चांगलं गाव शोधून सापडणार नाही. कारण सोलापूर हे मुळात कानांनीच बघायचं गाव आहे.

चार भाषा आणि एक ठोका

स्टेशनबाहेर पडलात की रिक्षावाला तुमच्याशी मराठीत बोलतो, शेजारच्या रिक्षावाल्याशी कानडीत आणि फोनवर दखनी उर्दूत. पूर्व भागात शिरलात की तेलुगू सुरू. तेलंगणातून पिढ्यांमागे आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. एकाच गल्लीत ‘काय बे’पासून सुरुवात करून तीन भाषांत भांडण संपवणारी माणसं इथे सहज भेटतात.

आणि या सगळ्याच्या खाली चालू असतो तो ठोका. खटाक-खट, खटाक-खट. यंत्रमागाचा. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ची. ती गेली, पाठोपाठ बाकीच्या मोठ्या गिरण्या गेल्या, त्यांचे भोंगे गेले, पण माग राहिले. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी आपटते, आणि सोलापुरी चादर इंचाइंचाने पुढे सरकते. चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. भोक आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. आपल्या एमपीथ्रीच्या कितीतरी आधी या गावात ‘डिजिटल फाइल’ वाजत होती, फक्त ती अंगावर घेऊन झोपता यायची!

माझा कॉलेजचा मित्र या पूर्व भागातला. पुण्यातल्या एका आयटी कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात सोल्डरिंग गन घेऊन बसतो. त्याने स्वतः जोडलेला एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्याच्याकडे आहे. मी पुण्याहून एक उसना ट्रान्झिस्टरवाला घेऊन गेलो. झाला मुकाबला पक्का.

खेळाडू क्रमांक एक आणि दोन

‘हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प कशाला? मोबाइलला लावला की वाजतोच की,’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. कानात घालायचे छोटे इअरफोन मोबाइलवर मजेत वाजतात. पण सेनहायजर एचडी ६५०सारखा ३०० ओहमचा मोठा हेडफोन चालवायला व्होल्टेज जास्त लागतं. तिथे वेगळ्या अ‍ॅम्पचं काम सुरू होतं. आणि एकदा ते सुरू झालं की शौकिनांची भांडणंही सुरू होतात.

मित्राचा अ‍ॅम्प म्हणजे बॉटलहेड क्रॅक. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कंपनीचं किट, किंमत काहीशे डॉलर, पण एचडी ६५०वाल्यांमध्ये त्याचं नाव भल्याभल्या महागड्या अ‍ॅम्पच्या बरोबरीने घेतलं जातं. आत दोनच व्हॉल्व्ह, एक १२एयू७ आणि एक ६०८०. हा ६०८० मुळात संगीतासाठी बनलेलाच नाही. पॉवर सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवणं हे त्याचं मूळ काम. त्याची नुसती फिलामेंट तापवायला जवळजवळ १६ वॅट लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री असताना, हा अ‍ॅम्प चालू करणं म्हणजे खोलीत आणखी एक सूर्य आणून ठेवणं. म्हणून आम्ही थंडीतला वीकेंड निवडला.

समोर बेंचमार्क एचपीए४. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्युस गावचा, २०१८ साली बाजारात आला तेव्हा साधारण तीन हजार डॉलरचा. थंड, गप्प, टापटीप. त्याचा आवाज अर्ध्या अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी वाढतो आणि प्रत्येक पायरीला आत रिले ‘टिक’ करतो. आवाज वाढवताना कोणी शेजारी बसून जपमाळ ओढतंय असं वाटतं.

आधी काटा बरोबर करा

एचडी ६५० मागून उघडा असतो, म्हणजे बाहेरचं सगळं आत येतं. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असताना ऐकणं अशक्य. त्यामुळे रात्री शेजारची शिफ्ट संपेपर्यंत थांबलो. तोपर्यंत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. उखळात कुटलेल्या चटणीला जे तेल सुटतं, ते मिक्सरच्या चटणीला सुटत नाही. हाही एक प्रकारचा व्हॉल्व्ह विरुद्ध ट्रान्झिस्टर वादच, पण त्यात निकाल एकतर्फी!

मग मुख्य काम. दोन अ‍ॅम्पची तुलना करताना सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची असते. एक अ‍ॅम्प दुसऱ्यापेक्षा जराही मोठा वाजला तर तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात महाग वस्तू हमखास आवडते ती पुष्कळदा अशीच. त्यामुळे एकाच डॅकमधून दोन्हींना सिग्नल दिला, १ किलोहर्ट्झचा सूर लावला आणि हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरने दोघांचं व्होल्टेज सारखं केलं. फरक एक टक्क्याच्या आसपास आणला, म्हणजे ०.१ डेसिबल. मग एकाने प्लग बदलायचा, दुसऱ्याने पाठ करून ऐकायचं आणि ओळखायचं.

जिल्ह्याची प्लेलिस्ट

गाणीही सोलापूर जिल्ह्याशी नातं असलेलीच निवडली. पहिलं अर्थात ‘सैराट’, २०१६. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, सिनेमा बराचसा त्याच भागात चित्रित झालेला, आणि अजय-अतुलने त्याचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. करमाळ्याची धूळ आणि हॉलिवूडची व्हायोलिन्स एकाच फाइलमध्ये. परीक्षेला याहून चांगला पेपर कुठला?

इथे फरक कळला. ‘झिंगाट’चे ढोल क्रॅकवर भरदार, जरा अंगावर येणारे. बेंचमार्कवर तेच ढोल सुटसुटीत, प्रत्येक ठोका कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला ते स्पष्ट. ‘याड लागलं’मधला तंतुवाद्यांचा ताफा क्रॅकवर एका मखमली पडद्यासारखा, बेंचमार्कवर वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेली माणसं. पाठ करून ऐकतानाही ढोल आले की आमचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा.

यात जादू काही नाही, साधं गणित आहे. क्रॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स साधारण १२० ओहम. एचडी ६५० म्हणायला ३०० ओहमचा, पण खर्जात, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५००च्या घरात जातो. त्यामुळे तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेज जरा जास्त येतं. हिशेब मांडला तर ही वाढ सुमारे एक डेसिबल. बेंचमार्कचा इम्पीडन्स जवळजवळ शून्य, तिथे असा लाड कोणाचाच होत नाही. शिवाय व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याच्या वरच्या सप्तकाचा अंश मिसळतो. खालच्या ‘सा’वर वरचा ‘सा’. त्यामुळे ते बिघाड वाटत नाही, गोडवा वाटतो.

दुसरी निवड ‘जैत रे जैत’, १९७७. दिग्दर्शक जब्बार पटेल पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात शिकलेले. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. रवींद्र साठेंचा आवाज क्रॅकवर थोडा जवळ आला, एवढंच. जुन्या टेपची सरसर दोन्हीकडे तेवढीच. व्हॉल्व्ह जुनं रेकॉर्डिंग ‘माफ’ करतो म्हणतात. आम्हाला तरी तसं काही दिसलं नाही.

तिसरी निवड पंढरपूरच्या वाटेवरची. भीमसेन जोशींचे अभंग, राम फाटकांच्या चालीतला ‘तीर्थ विठ्ठल’. इथे मात्र आमची विकेट पडली. प्लग कोणता, ते ओळखणं नाणेफेकीसारखं झालं. भीमसेनजी गायला लागले की आमचं लक्षच अ‍ॅम्पवर राहत नव्हतं, हे त्याचं निम्मं कारण असावं.

‘टाळ कुठाय?’

तेवढ्यात मित्राचे वडील, काका, वर आले. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. ‘काय चाललंय एवढ्या रात्री?’ म्हणून त्यांनी हेडफोन मागितला. तोच अभंग लावला, बेंचमार्कवर. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘आवाज चांगलाय रे. पण टाळ कुठाय?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. टाळ तर स्पष्ट वाजत होते. मित्राने प्लग बदलून क्रॅकवर ऐकवलं. ‘तेच आहे की बे हे!’ पुन्हा बेंचमार्क. ‘जरा वाढव.’ टिक, टिक, टिक. तीस वेळा टिक झालं तेव्हा काका म्हणाले, ‘हां, आता लागतोय थोडा.’

तीस टिक म्हणजे १५ डेसिबल. आम्ही दोघं रात्रभर एका डेसिबलवर भांडत होतो.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान आधी जातो तो ४ किलोहर्ट्झच्या आसपास. टाळांचा झणत्कार, ‘स’ आणि ‘श’, टेपची सरसर या सगळ्याचा पत्ता तिथेच, त्याच्या वर. खालचे आवाज शाबूत राहतात, त्यामुळे माणसाला कळतच नाही. शेजारच्या शेडमध्ये एखाद्या मागाचा ठोका चुकला तर काका आजही पलंगावर पडल्या पडल्या सांगतात. टाळ मात्र गेले. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मागांच्या शेडमध्ये त्याच्या वर जाणं ही नेहमीची गोष्ट. गेलेलं परत येत नाही. कोणताही अ‍ॅम्प ते आणून देत नाही, तीन हजार डॉलरचाही नाही.

आता आपलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९०ला चार तास, १००ला जेमतेम वीस मिनिटं. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल वाजतो, आणि हे दोन्ही अ‍ॅम्प एक व्होल्ट हसत हसत देतात. मागावर बसणाऱ्याला पोटासाठी तिथे बसावं लागलं. लोकलमध्ये किंवा ओपन ऑफिसच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणारे आपण मात्र हे स्वतःच्या हाताने करतो. आम्ही दोघं ऐकत होतो ते मीटरवर ४० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण ७५ डेसिबल. शांत खोलीत तेवढं पुष्कळ होतं.

सकाळी मित्राने कानाच्या डॉक्टरांकडे दोन नंबर लावले. एक काकांचा, एक स्वतःचा. चुलत भाऊ अजून शेडमध्ये जातो, त्याच्यासाठी फोमच्या इअरप्लगचा डबाही मागवला.

मग घ्यायचा कोणता?

निकाल देणं भाग आहे. ३०० ओहमचा हेडफोन असेल, रात्री निवांत गाणी ऐकायची असतील आणि हाताने काही बनवायची हौस असेल तर क्रॅक. तो एक डेसिबल खोटा असला तरी लोभस आहे. इअरफोनपासून मोठ्या हेडफोनपर्यंत सगळं एकाच डब्यावर चालवायचं असेल, किंवा रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेवढंच ऐकायचं असेल, तर बेंचमार्क. ३२ ओहमचे इअरफोन मात्र क्रॅकला लावू नका. हेडफोनचा इम्पीडन्स अ‍ॅम्पच्या किमान आठपट असावा, असा ठोकताळा आहे. आणि बजेट अडत असेल तर आधी हेडफोन चांगला घ्या. दोन हेडफोनमधला फरक दोन अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्याच्याही आधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

कसं जाल, काय कराल?

*जायचं कसं:* मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, किंवा फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झालेली वंदे भारत. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या स्मरणार्थ हे नाव. रस्त्याने पुण्यापासून सुमारे २५० किलोमीटर.

*कधी:* डिसेंबर-जानेवारी. हुरडा मिळतो, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत निघतात तेव्हा हेडफोन बॅगेतच राहू द्या.

*खायचं काय:* कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शेंगापोळी. तिखट झेपत असेल तर सावजी मटण.

*ऐकायचं काय:* पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी जाऊन बसा. मधोमध मंदिर, बाजूला भुईकोट किल्ला, पाणपक्षी आणि घंटा. दिवस वर आला की पूर्व भागात चक्कर मारा. शेडच्या दारात पाच मिनिटं उभे राहा, आणि आत जायला परवानगी मिळाली तर कानात बोळे घालून जा.