चौथी पोळी

मेसच्या मावशी मला 'आठ पोळीवाला' म्हणायच्या. फर्स्ट इयरला पैजेवर एकदा अकरा खाल्ल्या होत्या, त्याही वांग्याच्या त्या पाणीदार रश्श्याबरोबर! हे सांगायचं कारण एवढंच, की गेल्या वर्षी थर्ड इयरला त्याच टेबलावर बसून दीड पोळी संपेना म्हणून मी रडायच्या बेतात आलो होतो.

झालं असं, की मानेवर डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून सबमिशन संपेपर्यंत लक्ष दिलं नाही. वजन मात्र उतरत होतं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. शेवटी डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासणी केली आणि निदान निघालं... टीबी. फुप्फुसाचा नाही, गाठीचा. तो दुसऱ्याला लागत नाही, होस्टेल सोडायची गरज नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी रूम पार्टनरला मी 'अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आहेत' अशीच थाप मारली.

उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या किती हे वजनावर ठरतं. माझ्या ४७ किलोंना रोज तीन. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून फोन केला, तर पलीकडे सिस्टर हसायलाच लागल्या. रिफाम्पिसिनचा रंग तो!

रंगाचं काही नाही हो, पण भूक गेली. सकाळी सातला रिकाम्या पोटी गोळ्या घ्यायच्या, की आठपासून मळमळ सुरू. मेसमध्ये फोडणी पडली की मी बाहेर. दुपारी ताट समोर घेऊन बसायचं, भात इकडून तिकडे करायचा, आणि कोणी बघत नाही असं पाहून ताट ठेवून द्यायचं. डॉक्टर म्हणत भरपूर खा, डाळ-अंडी खा. आणि त्यांचीच गोळी म्हणे, खाऊन तर दाखव! इंधन बंद करून इंजिनाकडे पॉवर मागायची, असला प्रकार.

तिसऱ्या आठवड्यात व्हायव्हाच्या आधी उलटी झाली. त्या रात्री ठरवलं, दोन दिवस सुट्टी. गोळ्यांना. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी भूक परत आली! चौकात जाऊन मिसळ हाणली, वर एक्स्ट्रा पाव. इतकं बरं वाटलं, की तिसऱ्या दिवशीही गोळ्या घेतल्या नाहीत.

चौथ्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनी स्ट्रिप मागितली आणि गप्पपणे गोळ्या मोजल्या. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "अरे बाळा," त्या म्हणाल्या, "मधेच सोडल्या तर जंतू शहाणा होतो. मग ह्या गोळ्यांना तो भीक घालत नाही. भूक लागत नाही हे मला सांगायचं होतंस ना, गोळीवर कशाला राग?"

मग डॉक्टरांनी डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला, लिव्हरसाठी रक्त तपासायला लावलं. भूक मरणं हा साधा त्रास असू शकतो तसा लिव्हर बिघडल्याचा इशाराही असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. रिपोर्ट नॉर्मल आला. गोळ्यांची वेळ मग त्यांनीच रात्री झोपायच्या आधीची करून दिली. मेसचं जेवण आठला, गोळ्या साडेदहाला. पोटही बऱ्यापैकी रिकामं आणि मळमळ झोपेत निघून जाते. मनाने अ‍ॅसिडिटीची औषधं घ्यायची नाहीत हेही बजावलं, काहींमुळे या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. (माझी थाप आठवून मला घाम फुटला.)

सकाळची भूक हळूहळू परत आली, पण थोडीच. भरलं ताट बघूनच पोट भरायचं. म्हणून ताटाचा नादच सोडला. खिशात शेंगदाणे आणि गूळ. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीन, अंड्यात सहा; हे हिशोब थर्मोच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले होते. लेक्चरच्या मधे दोन घास, प्रॅक्टिकलनंतर केळं, फोडणीचा वास नको म्हणून गार दहीभात. पाणी जेवणाआधी ढोसायचं नाही, नाहीतर त्यानेच पोट भरतं. आईने सातूचं पीठ पाठवलं, ते दुधात कालवून. चावायचे कष्ट नाहीत!

अंडी मात्र पार्टनरची. त्याला कपाटात स्ट्रिप सापडलीच. मी मान खाली घालून बसलो, तर हा म्हणतो, "माझ्या काकांना पण झाला होता, आता ऊस तोडतायत. तू मला अ‍ॅसिडिटी कशाला सांगितलीस बे?" त्या दिवसापासून रोज सकाळी किटलीत दोन अंडी उकडून माझ्या उशाशी. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये ही विनंती.) सरकारकडून टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी महिना १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. पार्टनरने त्याचं नाव 'स्कॉलरशिप' ठेवलं आणि पहिल्या हप्त्यातून ट्रेभर अंडी आणली.

झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटना रेशन देऊन झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. माझे पाच टक्के म्हणजे जेमतेम अडीच किलो. दवाखान्यातल्या काट्यावर दोन महिन्यांनी उभा राहिलो तेव्हा खिशातले शेंगदाणे काढून ठेवायला सिस्टरनी सांगितलं. ५०!

त्याच रात्री मेसमध्ये तीन पोळ्या झाल्या आणि मी उठायला लागलो. मावशींनी न विचारता चौथी टाकली. "पुरे मावशी," म्हणालो. "गप बस, गरम आहे," म्हणून त्या पुढच्या टेबलावर गेल्या. पार्टनरने माझ्या ताटाकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने डाळ मागितली.