पडल्यानंतरचं

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी साफसफाई चालली होती. कामाला येणारी काकी ओल्या फरशीवर घसरली आणि बादलीसकट धाडकन आपटली. माझा सहा वर्षांचा नातू सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. त्याने मान वर केली आणि खदखदून हसला, टाळ्या पिटत हसला.

काकी कोपर धरून भिंतीला टेकली. "काबर हाँसत हस बाबू, मोला लागिस हे," एवढंच म्हणाली.

नातू हसायचा थांबला. मला वाटलं, ओशाळला. पण चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. "आजी, काकीला खरंच लागलं?"

रागवायला उठले होते, ते राहूनच गेलं. काळजात चर्र झालं.

रात्री तो झोपल्यावर सुनेचा तो जुना मोबाइल घेऊन बसले आणि तो जे पाहतो ते तासभर पाहिलं. एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यात कढई हाणतो, मागून हसण्याचे आवाज. म्हातारा बसायला जातो तोच खुर्ची ओढतात. नवरा बायकोच्या थोबाडीत देतो. आईबहिणीवरून शिव्या, त्यावर 'टूं' असा आवाज घातलेला. कुठली शिवी ते पोराला बरोबर कळतं. आणि यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा माणूस आपटला की तिथेच संपतो. पुढे कोणी कण्हत नाही, कोणी पाणी आणून देत नाही. अंगठा सरकला की दुसरा पडतो. अशी शेकडो माणसं पडताना पाहिलेल्या पोराने काकीला लागलं का, असं विचारलं तर त्याचं काय चुकलं?

मला माझं लहानपण आठवलं. माझे वडील रायपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. ऑगस्ट १९७५मध्ये 'साइट' हा उपग्रहाचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना वर्षभर उपग्रहावरून कार्यक्रम दाखवायचे होते, आणि आमचा जिल्हा त्यात होता. मी नऊ वर्षांची. शाळेत जाळीची मोठी अँटेना उभी राहिली तेव्हा सारं गाव पाहायला लोटलं. सकाळी शाळकरी मुलांचा कार्यक्रम वीस-बावीस मिनिटांचा. तो संपला की वडील टीव्हीचा संच बंद करायचे आणि काय पाहिलं ते एकेकाला सांगायला लावायचे. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आज वाटतं, खरी शाळा त्या बंद संचासमोर भरायची.

पूर्वी सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. १९९७मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं आणि माझा मुलगा गळ्यात टॉवेल बांधून गच्चीच्या कठड्यावर चढला होता. मी त्याला खाली ओढलं ते अजून आठवतं. पण ती मालिका आम्ही सगळे एका खोलीत बसून पाहत होतो, म्हणून त्याच्या डोक्यात काय शिरलंय ते मला माहीत होतं. नातवाच्या कानात मात्र इअरफोन असतात.

मी पाहिलं ते सांगितल्यावर मुलाने लगेच मोबाइलला लॉक लावलं. चांगलं केलं. २०२१च्या नियमांनी ओटीटीवरच्या चित्रपट-मालिकांना वयाचे शिक्के आले, १३ वर्षांवरच्या वर्गांना कुलपाची सोयही सक्तीची झाली. पण कोणीही उठून बनवलेल्या या तुकड्यांवर तसा शिक्का नसतो. शेवटी नातवाच्या शेजारी कोणीतरी बसायलाच हवं. संध्याकाळी अर्धा तास मी बसते. कोणी पडलं की मोबाइलवर हात ठेवते आणि विचारते, "आता याचं काय झालं असेल?" पहिल्यांदा चिडला, मोबाइल ओढून घेतला. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाला, "मम्मीने हळद लावली असेल."

पण त्याला खरं शिकवलं ते काकीने. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्याने जवळ जाऊन कोपर पाहिलं. तिथे निळा डाग होता. मग रोजच पाहायला लागला. काकी झाडू बाजूला ठेवून पदर सारायची आणि हात पुढे करायची. निळ्याचा जांभळा झाला, मग कडेने हिरवट. भाऊबीजेनंतर पिवळा पडला.

"अभी भी दर्द है, काकी?"

"थोरकिन," काकी म्हणाली. त्याने एक बोट अगदी हलकेच डागावर टेकवलं.