सहीची मुदत

दर 5 सप्टेंबरला काटोलच्या शाळाशाळांत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. मोठ्या वर्गातली मुलं दिवसभरापुरती गुरुजी-बाई होतात, भाषणं होतात. ऑक्सफर्डमधलं अध्यापन, तत्त्वज्ञानावरचे ग्रंथ, साधी राहणी, सगळं सांगून होतं. मी नागरिकशास्त्र शिकवत आलो, म्हणून या थोर शिक्षकाच्या आयुष्यातला आणखी एक दिवस मुलांना कळावा असं मला नेहमी वाटतं. तो दिवस 26 ऑक्टोबर 1962. त्या दिवशी राष्ट्रपती या नात्याने त्यांनी देशातल्या पहिल्या आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. 3 नोव्हेंबरला त्यांच्याच नावाने दुसरा आदेश निघाला. भारत संरक्षण नियमांखाली ज्याला डांबलं जाईल त्याला जीविताच्या, स्वातंत्र्याच्या आणि अटकेविरुद्धच्या मूलभूत हक्कांसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असा तो आदेश होता.

त्या दिवसांना आज घरबसल्या नावं ठेवणं सोपं आहे. 20 ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला आणि पाच-सहा दिवसांत तवांग हातचं गेलं. माझ्या आजीने तेव्हा संरक्षण निधीला हातातली सोन्याची एक बांगडी काढून दिली. जोडीतली दुसरी ती काचेच्या बांगड्यांमध्ये शेवटपर्यंत घालत असे. गावोगावच्या बायकांनी असंच अंगावरचं सोनं उतरवून दिलं. ती भीती खरी होती आणि तो त्यागही खरा होता. शत्रू दारात असताना राज्यकर्त्यांनी जादा अधिकार हाती घेतले, यात मला गैर दिसत नाही. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, हेही मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आहे. तो निर्णय नेहरूंच्या सरकारचा होता, सही राधाकृष्णन यांची.

पण 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. लढाई महिनाभरात आटोपली. आणीबाणी उठली 10 जानेवारी 1968 रोजी. राधाकृष्णन यांची कारकीर्द त्याआधीच, मे 1967 मध्ये संपली होती. म्हणजे ते पायउतार झाले तरी त्यांची सही लागूच होती.

या पाच वर्षांत काय काय झालं? आसाम, दार्जिलिंग, कालिंपाँग या भागांतल्या चिनी वंशाच्या सुमारे 3,000 माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. त्यांत म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती. काहींची सुटका व्हायला 1967 उजाडलं. देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली. त्यांत मुंबईतले प्रभाकर संझगिरी होते, पुढे मार्क्सवादी पक्षाचे महाराष्ट्रातले नेते झाले ते. त्यांच्या खटल्याचा निकाल प्रत्येक मराठी माणसाने वाचावा असा आहे.

स्थानबद्ध असताना संझगिरींनी मराठीत एक पुस्तक लिहिलं. विषय होता अणू, नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची त्यांनी परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारने 1965 मध्ये ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली, पुस्तक निव्वळ विज्ञानाचं आहे आणि देशाच्या संरक्षणाला त्यापासून काडीचा धोका नाही हे ओळखलं, आणि ते बाहेर जाऊ द्यायला सांगितलं. विज्ञानाचं एक मराठी पुस्तक तुरुंगाबाहेर जाऊ नये म्हणून सरकार मग सर्वोच्च न्यायालयात गेलं! तिथे न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला की स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहिण्यावर किंवा ते बाहेर पाठवण्यावर बंदी नाही, आणि जी अट नियमांत नाही ती सरकारला लादता येणार नाही. राष्ट्रपतींच्या आदेशाची ढालही इथे चालली नाही, कारण तो आदेश नियमांनुसार झालेल्या कारवाईपुरताच होता.

निकालाची तारीख 6 सप्टेंबर 1965. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या रोखाने सीमेपार गेलं. ऐन युद्धाच्या दिवशी देशाचं सर्वोच्च न्यायालय एका कैद्याच्या हस्तलिखिताला वाट करून देत होतं, आणि त्यामुळे आघाडीवरच्या एकाही जवानाचं बळ कमी झालं नाही. देशाची सुरक्षितता आणि माणसाचा हक्क एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

युद्धकाळातल्या राष्ट्राध्यक्षांचा विषय निघाला की वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: त्या घडीला दुसरा काही मार्ग होता का? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याबद्दल हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ऑगस्ट 1945 मध्ये हिरोशिमावर पडलेला बॉम्ब परत घेता येत नाही. त्या निर्णयाचा न्याय त्या घडीवरूनच करावा लागतो. हक्क गोठवणाऱ्या सहीचं तसं नाही. ती केव्हाही मागे घेता येते. म्हणून ज्या ज्या सकाळी ती मागे घेतली जात नाही, त्या त्या सकाळी ती नव्याने केली जाते. 26 ऑक्टोबर 1962 च्या सहीला मी मनापासून समजून घेऊ शकतो. 1964 मध्ये, 1966 मध्ये तीच सही चालू का होती, याचं उत्तर मला मिळत नाही. राधाकृष्णन यांच्यासारख्या माणसाबाबत तर ते अधिकच बोचतं, कारण ते नुसते सहीचे धनी नव्हते. 1967 च्या प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात त्यांनी देशाच्या कारभारातल्या ढिसाळपणावर जाहीरपणे बोट ठेवलं होतं.

अमेरिकेत रूझवेल्ट यांनी 19 फेब्रुवारी 1942 रोजी काढलेल्या आदेशाने सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाची माणसं छावण्यांत गेली. तिथल्या सरकारने 1988 मध्ये कायदा करून त्यांची माफी मागितली, हयात असलेल्यांना भरपाई दिली. देवळीच्या माणसांना आपण अजून तेवढंही दिलेलं नाही.

आणि वेळेत न उठवलेली सही पुढच्याला वाट दाखवते. 3 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हा राष्ट्रपती गिरींनी दुसरी आणीबाणी जाहीर केली. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, आणीबाणी मात्र 1977 पर्यंत राहिली. तिच्याच जोडीला जून 1975 मध्ये आणखी एका आणीबाणीवर राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली. त्यानंतरचं आमच्या भागात पुस्तकातून शिकावं लागत नाही. ‘मिसाबंदी’, म्हणजे मिसा कायद्याखाली स्थानबद्ध झालेले, म्हटलं की जुन्या माणसांना अजून घरंच्या घरं आठवतात. काटोलचा माणूस ज्या नागपूर खंडपीठाकडे आशेने पाहतो, त्या खंडपीठाने तेव्हा स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेता येतात असं सांगितलं होतं. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक असं फिरवलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

खरी दुरुस्ती 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने केली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही कोर्टाबाहेर ठेवता येत नाही. तितकीच मोलाची दुसरी गोष्ट अशी की पूर्वी संसदेने एकदा मान्यता दिली की घोषणेला मुदतच नव्हती. आता दर सहा महिन्यांनी संसदेला पुन्हा मान्यता द्यावी लागते. संकटाच्या नावाने घेतलेल्या अधिकाराला आता आपली गरज वारंवार सिद्ध करावी लागते.

शिक्षक दिनाला मुलांना हे सांगायला हवं. राधाकृष्णन यांचा मोठेपणा त्याने उणावत नाही. थोर माणसाच्या हातूनही भीतीच्या काळात अशी सही होते, हे कळलं की मुलं माणसाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता कायद्याने घातलेली मुदत जपायला शिकतील. उद्या पुन्हा कधी संकट आलं आणि सरकारने आपले हक्क काही काळासाठी मागितले, तर त्यांनी ते जरूर द्यावेत, पण देतानाच विचारावं: परत कधी देणार?