आइसलँडिक शिकायची, पण कोणत्या शतकातली?

आइसलँडिक स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्याला पहिल्यांदा ऐकवलं जातं, की या भाषेसाठी साहित्यच नाही. मला हे पटत नाही. जेमतेम चार लाखांच्या आत वस्ती असलेल्या देशाच्या मानाने साहित्य पुष्कळ आहे. अडचण ही, की जे फुकट आणि चटकन हाती लागतं ते बरंचसं भलत्याच शतकातलं असतं. क्लीझ्बी आणि विग्फुसॉन यांचा १८७४चा जाडजूड कोश किंवा गॉर्डन यांचं १९२७चं पाठ्यपुस्तक ही सागावाङ्मय वाचण्याची साधनं. यावर आक्षेप ठरलेला: आजचे आइसलँडर सागा वाचतात, मग जुनं पुस्तक का चालू नये? ते वाचतात हे खरंच, पण बहुधा आजच्या लेखनपद्धतीत छापलेल्या आवृत्त्या, आणि आजच्याच उच्चारांनी. मधल्या काळात स्वर पालटले, सर्वनामंही सरकली. पूर्वी फक्त दोघांपुरती असलेली ‘आम्ही’, ‘तुम्ही’ची रूपं आता कितीही जणांना चालतात. स्तेफान एइनार्सन यांचं १९४५चं व्याकरण तर आधुनिक भाषेचंच आणि कमालीचं कसून लिहिलेलं. पण त्या काळचं आदरार्थी संबोधनही आज रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलं आहे. संदर्भाला ते उत्तम. सुरुवात त्याने करू नये.

साहित्य पारखताना मी दोनच गोष्टी बघतो: प्रत्येक पाठाला आवाज आहे का, आणि शब्दाचं कोणतंही रूप ताडून पाहता येतं का. चार विभक्ती, दोन वचनं, शिवाय नामाला मागून चिकटणारं उपपद, म्हणजे एका नामाचे सोळा रकाने. माणसांची नावंसुद्धा विभक्तीतून सुटत नाहीत. शब्दांची चित्रं दाखवून पाठ करून घेणारी ॲप इथेच तोकडी पडतात. उलट आउर्नी माग्नुसॉन संस्थेचा ‘बीन’ हा रूपकोश शब्द टाकताच सगळा तक्ता समोर ठेवतो, तोही फुकट. आवाजाचं म्हणाल तर मराठी कानाला इथे एक फायदा आहे. शब्दारंभीचे ‘बी’ आणि ‘पी’ इथे घोष-अघोष म्हणून नव्हे, तर अल्पप्राण-महाप्राण म्हणून वेगळे होतात: पहिला जवळजवळ आपला प, दुसरा ओठ मिटून केलेला फ. इंग्रजी वाचकाला जे समजावून सांगावं लागतं ते आपल्या बाराखडीतच आहे. (‘थाह्क’, म्हणजे आभार, यातला मधला ह मात्र ऐकूनच जमवावा लागतो.)

म्हणून माझा कौल आइसलँड विद्यापीठाच्या ‘आइसलँडिक ऑनलाइन’ला. २००४पासून चालू असलेला हा विनामूल्य अभ्यासक्रम पायरीपायरीने, आवाजासह पुढे नेतो. त्यात व्याकरण विखुरलेलं वाटतं ही तक्रार रास्त आहे. नियम एका जागी हवे असतील त्यांनी जोडीला डेझी नेइमन यांचं ‘कलोक्विअल आइसलँडिक’ ठेवावं.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, की रेक्याविकमध्ये सगळ्यांनाच इंग्रजी येतं, मग हा खटाटोप कशाला? पण शिकणारा अडखळला की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो, म्हणजे सरावाची संधी तिथेच संपते. निदान कान तरी आधी घरीच तयार व्हायला हवा. त्यासाठी ‘रूव’ ही सार्वजनिक प्रसारणसंस्था आहे. तिचे काही दूरचित्रवाणी कार्यक्रम आइसलँडबाहेर उघडत नाहीत. रेडिओच्या बातम्या ऐकता येतात, आणि नवशिक्याला मी आधी त्याच सुचवेन.